दुकानातल्या कस्टर्ड पायचं लेबल कसं वाचायचं (नवीन लोकांसाठी, आणि नागपूरवाल्यांसाठी जरा जास्तच)

हल्ली धरमपेठ असो की वर्धा रोड, जरा बऱ्यापैकी बेकरीच्या काचेमागे नाहीतर सुपरमार्केटच्या थंड कपाटात कस्टर्ड पाय (म्हणजे मैद्याच्या पारीत कस्टर्ड भरून भाजलेलं), कस्टर्ड टार्ट, एग टार्ट असली मंडळी दिसून राहिली आहेत आणि लोक वाढदिवसाला केकऐवजी तेही घेऊन जातात. घेताना प्रश्न नेहमी एकच, "हे केकपेक्षा हलकं असतं ना?" दूध आहे, अंडं आहे, वरून क्रीम नाही, म्हणजे पौष्टिकच असणार असा सरळ हिशोब. अर्धा बरोबर आहे, अर्धा चूक, आणि तो अर्धा कुठला ते डब्याच्या मागच्या चौकटीत लिहिलेलं असतं, फक्त ती चौकट वाचायची कशी हे कोणी शिकवत नाही. म्हणून हे लिहून राहिलो आहे. ज्याने आयुष्यात कधी लेबल पाहिलं नाही त्याच्यासाठी आहे, डायटिशियन लोकांनी सोडून द्यावं.

पहिले डबा हातात घ्या आणि निशाणी पाहा

हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, आणि आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमात अंडं मांसाहारीतच धरतात. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा, २०२० च्या लेबलिंग नियमांपासून त्रिकोण आला, रंग नीट ओळखू न येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली.

खरं कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंडं, गरम झाल्यावर अंड्यामुळे दूध धरून येतं. आपल्याकडे मात्र कस्टर्ड म्हटलं की डोळ्यासमोर पिवळी पावडर येते, फ्रूट कस्टर्डवाली. त्या पावडरीत अंडं नसतं, ते मुळात कॉर्नफ्लोअर असतं, रंग आणि व्हॅनिलाचा वास घातलेलं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ही युक्ती काढली कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. तर हिरव्या ठिपक्याचा पाय असेल तर आत बहुतेक हेच कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड असणार.

आणि इथेच लोक फसतात. एगलेस म्हणजे हलका असं धरून चालतात. घरचं गणित करून पाहा ना. अर्धा लिटर टोन्ड दूध, २० ग्रॅम पावडर, ६० ग्रॅम साखर, एवढं आटवून साधारण साडेपाचशे ग्रॅम कस्टर्ड होतं. दुधाच्या ३०० कॅलरी, पावडरीच्या ७०, साखरेच्या २४०, झाल्या ६१०, म्हणजे १०० ग्रॅमला ११० च्या आसपास. आणि अंड्याचं बेक केलेलं कस्टर्ड १०० ग्रॅमला जवळपास १०५. फरक काहीच नाही! फरक आहे तो प्रोटीनमध्ये, अंड्याच्यात ५ ग्रॅम आणि पावडरवाल्यात ३, कारण कॉर्नफ्लोअरमध्ये प्रोटीन जवळपास नसतंच, जे काही आहे ते दुधाचं. धर्माने, सवयीने किंवा ॲलर्जीमुळे एगलेस घ्या, मजेत घ्या, पण वजन कमी करायला म्हणून घेऊ नका.

ॲलर्जीवरून आठवलं, दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणे, काजू बदाम हे असेल तर ते लेबलवर वेगळं लिहावंच लागतं. घरात कोणाला त्रास असेल तर निशाणीनंतर पहिले तीच ओळ वाचा, बाकी लेख नंतर वाचला तरी चालेल.

मग वजन, आणि सर्व्हिंग म्हणजे नेमका केवढा तुकडा

इथे घाई करू नका. लेबलवर दोन गोष्टी असतात, १०० ग्रॅममध्ये किती आणि एका सर्व्हिंगमध्ये किती. सर्व्हिंग किती ग्रॅमची हे कंपनी ठरवते, तुमची सुरी नाही. समजा डबा ६०० ग्रॅमचा आहे आणि लिहिलंय की ७५ ग्रॅमची एक अशी ८ सर्व्हिंग. आता घरी पाहुणे चार आणि आपण दोघं, पायचे झाले सहा तुकडे, म्हणजे एकेक १०० ग्रॅमचा, म्हणजे लेबलवरचा प्रत्येक आकडा तुमच्या ताटात एक तृतीयांशाने वाढला आणि कोणाला पत्ताही नाही. पोट्टे असतील घरात तर चारच तुकडे होतात, मग तर विचारूच नका.

त्यामुळे माझं म्हणणं असं की सर्व्हिंगचा रकाना पहिल्यांदा झाकूनच ठेवा, १०० ग्रॅमचा रकाना वाचा. दोन कंपन्यांची तुलना करायची तर तोच एक खरा रकाना, कारण दोघांची सर्व्हिंग कधीच सारखी नसते. आपण किती खाल्लं ते नंतर गुणू.

नमुन्याला आकडे

हाताशी काहीतरी मोजमाप असावं म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्न-डेटाबेसमधले, तिथल्या तयार मिळणाऱ्या अंड्याच्या कस्टर्ड पायचे आकडे देतो. १०० ग्रॅमला सुमारे २१० कॅलरी, प्रोटीन साडेपाच ग्रॅम, फॅट साडेअकरा ग्रॅम, कार्बोहायड्रेट २१ ग्रॅमच्या जवळ, त्यातली साखर साडेअकरा. आठ इंची पायचा सहावा भाग म्हणजे १०५ ग्रॅमचा तुकडा धरला तर २२१ कॅलरी. आपल्या इथल्या डब्यावर आकडे वेगळे असतील, असायलाच पाहिजेत, पण फार वेगळे असतील तर का ते शोधायचं. छोटे पोर्तुगीज पद्धतीचे एग टार्ट १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास जातात, कारण त्यांची पारी पापुद्र्यांची, म्हणजे लोणी जास्त, आणि टार्ट जितका छोटा तितकी आतल्या मालाच्या मानाने पारी जास्त. छोटा दिसतो म्हणून तीन उचलायचे नसतात.

लेबलवर कधी 'किलोकॅलरी' लिहिलेलं असतं, आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो तीच ही, घाबरू नका. परदेशी डब्यावर किलोज्युल असेल तर ४.१८ ने भागा, आकडा एकदम मोठा दिसतो म्हणून काही लोक डबा परत ठेवून देतात बिचारे.

आकडे खरे वाटतात का ते तपासायचं

सोपं आहे. प्रोटीनचा ग्रॅम ४ कॅलरीचा, कार्बोहायड्रेटचा ४ चा, फॅटचा ९ चा. वरच्या आकड्यांवर लावून पाहा, साडेपाच चोक २२, साडेअकरा नव्वे एकशे साडेतीन, २१ चोक ८४, बेरीज साडेदोनशे नाही, तीनशे नाही, २०९ आणि काही अंश. जुळलं. तुमच्या डब्यावरची बेरीज पाच-दहा कॅलरीने चुकली तर सोडून द्या, फायबर आणि राउंडिंगमुळे तेवढं होतं, पण ५०-६० ने चुकत असेल तर कुठलातरी आकडा गडबड आहे आणि त्या लेबलवर बाकीचा भरवसाही कमीच ठेवायचा.

आता मुद्द्याचं, कॅलरी आहेत कुठे

कस्टर्ड पाय म्हणजे करंजीसारखंच प्रकरण, वरची पारी आणि आतलं सारण, आणि आपण आपलं सारणालाच नावं ठेवत असतो. इथे सारण म्हणजे कस्टर्ड तर साधं आहे, त्यात पाणीच जास्त, दूध म्हणजे बहुतांश पाणीच ना शेवटी. भाजलेली पारी मात्र मैदा आणि फॅट, पाणी उडून गेलेलं, १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी आणि तेहतीस-चौतीस ग्रॅम फॅट.

तो १०५ ग्रॅमचा तुकडा घ्या. त्याच्या एकूण २२१ कॅलरी जुळवायच्या तर पारी साधारण २७ ग्रॅम आणि कस्टर्ड ७८ ग्रॅम येतं. म्हणजे ७८ ग्रॅम कस्टर्डच्या ८० कॅलरी आणि २७ ग्रॅम पारीच्या १४०. वजनात पाव हिस्सा, कॅलरीत साठ टक्क्यांच्या वर, आणि फॅट तर बारा ग्रॅमपैकी नऊ ग्रॅम पारीतलं. हे एकदा डोक्यात बसलं की लेबल वाचायची गरज अर्धी संपते, राजेहो. पायच्या मागच्या बाजूची ती जाड कड असते ना, जिथे कस्टर्ड पोचलेलंच नसतं, ती ताटात ठेवून दिली तर तुकडा एकदम वेगळा होतो. चव कस्टर्डची, कॅलरी कडेच्या.

मी स्वतः कड खातो, कुरकुरीत असते म्हणून, पण दुसऱ्या तुकड्याला हात लावत नाही.

घटकांची यादी

यादीत जे जास्त वजनाचं ते पहिले लिहायचं असा नियम आहे. त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली की पाय कसा आहे ते कळतं. दूध पहिलं असेल तर बरं. पाणी पहिलं, मग साखर, मग रिफाइन्ड मैदा, मग खाद्य वनस्पती तेल, आणि दूध खाली कुठेतरी 'मिल्क सॉलिड्स' म्हणून दोन टक्के, तर तो दुधाचा पाय नाही, दुधाच्या वासाचा पाय आहे.

फॅटचं नाव नक्की शोधा. लोणी, पाम तेल, मार्जरीन, वनस्पती, शॉर्टनिंग यातलं काय आहे? पाम तेलात निम्मं सॅच्युरेटेड असतं आणि लोण्याच्या फॅटमध्ये त्याहून थोडं जास्तच, म्हणून सॅच्युरेटेडच्या बाबतीत लोणी काही देव नाही, चवीला मात्र आहे. ट्रान्स फॅटचं पूर्वी जास्त टेन्शन होतं, वनस्पती तुपावरच बेकऱ्या चालायच्या. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट पदार्थातल्या एकूण फॅटच्या २ टक्क्यांच्या वर नको. म्हणजे १२ ग्रॅम फॅटच्या तुकड्यात पाव ग्रॅमच्या आतच. लेबलवर ट्रान्स फॅटची ओळ असायलाच पाहिजे, ओळच नसेल तर दुकानदाराला विचारा, तोही पाहील मग एकदा.

आयएनएस नंबर (पदार्थात वरून घातलेल्या रंग, स्टार्च वगैरे गोष्टींचे ठरलेले नंबर) पाहून धसका घ्यायचं कारण नाही. १४२२ म्हणजे बदललेला स्टार्च, घट्टपणासाठी. ४७१ म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायर. ४०७ कॅराजीनन, समुद्री शेवाळापासूनचं. २०२ पोटॅशियम सॉर्बेट, बुरशी येऊ नये म्हणून. १०२ आणि ११० हे पिवळे-नारिंगी रंग, आणि हे दिसले तर एवढंच समजायचं की पिवळेपणा अंड्याच्या बलकाचा नाही, बाटलीतला आहे. बंदी वगैरे नाही, मर्यादेत चालतात.

साखर : दोन ओळी, दोन अर्थ

एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज, १०० मिलीला पाचाच्या जरा आत. तुकड्यात ५०-६० मिली दूध असेल तर अडीच-तीन ग्रॅम तीच झाली. एकूण १२ लिहिलं असेल तर वरची ९ ग्रॅम म्हणजे दोन चमचे. आपण चहात घालतो तेवढीच झाली, म्हणून साखरेच्या बाबतीत कस्टर्ड पाय गुलाबजाम किंवा आपल्या संत्रा बर्फीच्या मानाने खरंच सभ्य आहे. एगलेसमध्ये जास्त असू शकते कारण अंड्याचा स्वाद नाही, मग गोडीवर भागवतात.

पण डायबिटीसवाल्यांनी फक्त साखरेची ओळ वाचून खूश होऊ नये. मैदा आणि कॉर्नफ्लोअर पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतात, म्हणून तुमच्यासाठी एकूण कार्बोहायड्रेटची ओळ खरी. 'शुगर फ्री' लिहिलेला पाय असेल तर तिथेही हीच ओळ वाचा, आणि साखरेऐवजी माल्टिटॉलसारखं काही गोड घातलं असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडतं तेही लक्षात असू द्या. किती खायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील, मी नाही.

मीठ पटकन उरकू. लेबलवर सोडियम असतं, मीठ काढायचं तर अडीचने गुणा. २४० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ६०० मिलिग्रॅम मीठ. गोड पदार्थात एवढं मीठ काऊन, तर पारीत घालतात, आणि बेकिंग पावडर किंवा सोडा असेल तर त्यातही सोडियम असतंच.

टक्क्यांचा रकाना

'आरडीए'चे (दिवसभरात किती घ्यावं त्या मापाचे) टक्के हे २००० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम या दिवसभराच्या आकड्यांवर काढतात. आपला तुकडा म्हणजे कॅलरी ११ टक्के, फॅट १८ टक्के. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, साठीच्या आसपासच्या बाईला २००० कॅलरी लागतच नाहीत, मग तिचे टक्के लेबलपेक्षा जास्त होतात. हे टक्के सर्व्हिंगचे असतात, १०० ग्रॅमचे नाही, हेही पुन्हा सांगतो कारण इथे सगळे गोंधळतात.

इम्पोर्टेड डबा असेल तर दोन गोष्टी. अमेरिकन लेबल फक्त सर्व्हिंगचं असतं, १०० ग्रॅमचा रकाना नसतो, स्वतः काढावा लागतो. आणि तिथे फायबर कार्बोहायड्रेटमध्ये धरलेलं असतं, ब्रिटिश लेबलवर वेगळं असतं, शिवाय ब्रिटिश लोक सोडियम न लिहिता सरळ मीठ लिहितात. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तर उगाच एक चांगला आणि एक वाईट वाटतो.

बेकरीतला सुटा पाय, लेबलच नाही

नागपुरात खरं तर असाच जास्त मिळतो, काचेमागून काढून पांढऱ्या खोक्यात. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात, गल्लीतल्या बेकरीला नाही. तिथे तीन प्रश्न विचारा. अंडं आहे का, पारी लोण्यात की मार्जरीनमध्ये, आणि आज केला की काल. तिसऱ्याचं उत्तर देताना माणूस कुठे पाहतो तेही पाहा.

मग घरी वजनकाटा असेल तर एका तुकड्याची पारी आणि कस्टर्ड चमच्याने वेगळं करून दोन्ही तोला. पारीचे ग्रॅम गुणिले ५, कस्टर्डचे ग्रॅम गुणिले १, बेरीज केली की झाल्या कॅलरी, थोडं इकडेतिकडे. समजा पारी ४० ग्रॅम निघाली आणि कस्टर्ड ६०, तर २०० अधिक ६०, २६० झाल्या. बेकरीवाल्यांची पारी जाडच असते बहुतेक, कारण पातळ पारी काढताना तुटते आणि कस्टर्ड महाग पडतं. वर क्रीम किंवा जेलीचा थर असेल तर हे गणित लागू नाही.

आणि आपलं ऊन

हे पोषणाचं नाही पण याशिवाय लेख पुरा होत नाही. कस्टर्ड म्हणजे दूध, अंडं, पाणी आणि साखर, जंतूंना यापेक्षा चांगली पंगत मिळत नाही. ते ५ अंशांच्या खाली ठेवायचं असतं. बाहेर दोन तास चालतं, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे मार्च ते जून हवा ३२ च्या खाली येते कधी? मे महिन्यात पारा ४५ ला असताना सीताबर्डीतून पाय घेऊन स्कूटरच्या डिक्कीत टाकला, मग वाटेत भाजी घेतली, मग कोणाकडे चहा, तर तो तास डिक्कीतच संपला बाप्पा. खोकं स्कूटरवर आपल्या पावलांपाशी ठेवा, थंड पिशवीत आइसपॅकसोबत, आणि पाय सगळ्यात शेवटी घ्या, भाजी आधी.

दुकानात घेताना पाहा की पाय थंड कपाटात आहे की काउंटरवर शोभेला ठेवलाय. कस्टर्डला वरून पाणी सुटलं असेल, कडेने फट पडली असेल तर तो बराच वेळ इकडून तिकडे झालाय किंवा जास्त भाजला गेलाय. लेबलवर तारीख, चौदा आकडी एफएसएसएआय नंबर आणि साठवणुकीचं तापमान लिहिलेलं असतं, तारीख ही त्या तापमानाला धरून असते, तुमच्या ओट्यावरच्या नाही. रात्री लाइट गेली आणि चार-पाच तास आली नाही तर फ्रीजमधला उरलेला पाय सकाळी पोट्ट्यांना डब्यात देऊ नका, वास चांगला आला तरी नाही.

उरलेला झाकून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, पारी दुसऱ्या दिवसापासून मऊ पडतेच. डीप फ्रीझरमध्ये टाकू नका, विरघळल्यावर कस्टर्ड फुटून पाणी सोडतं. कंपनीने फ्रोझनच विकला असेल तर गोष्ट वेगळी, त्यात तो वर सांगितलेला बदललेला स्टार्च त्यासाठीच घातलेला असतो, पण एकदा वितळला की परत गोठवायचा नाही.